गाडीची खरी हकीगत

४ मार्च

प्रिय मामा,

सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र आलं म्हणून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस. कागदावर तरी तुला मधे तोंड घालता येणार नाही.

बातमी अशी की मी गाडी घेतली. आठ वर्षं वापरलेली, दोन दारांची, तांबडी, आणि हो, टर्बोवाली. आईने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, "गेलीस ना मामाच्या वळणावर!" शिवी होती की आशीर्वाद ते अजून कळलेलं नाही. मी आपला आशीर्वाद धरलाय.

आणि ऐक, अठरा मेच्या टेकडीच्या शर्यतीत मी नाव दिलंय. तू धावायचास तीच. रस्ता बंद, एका वेळी एक गाडी, खालून सुटायचं आणि वर घड्याळ. यंदा नवख्यांचा गट शेवटचा, पुढच्या वर्षापासून अनुभव असलेल्यांनाच घेणार म्हणे. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

घोडं पेंड खातंय ते मेकॅनिकपाशी. तांबडी सरळ रस्त्याला बरी पळते, पण चढाला जोर मागितला की गचके देते. एकाकडे गेले. काचेची भिंत, आत कॉफीचं यंत्र, कॉलरवर स्वतःचं नाव छापलेला माणूस. बॉनेट न उघडताच म्हणाला, "मॅडम, साठ घोड्यांची ताकद वाढवून देतो, शनिवारी घेऊन जा." दुसरे एक आजोबा. त्यांनी बॉनेट उघडलं, टर्बो बघितला आणि डोक्याला हात लावला. "ही ब्याद काढून टाक पोरी, सुखात राहशील." एक न बघता वाढवणारा, दुसरा बघून काढणारा! मी अकरा वर्षं चष्म्याच्या काचा घासतेय, मामा. पाव नंबर चुकला तर माणूस पायरी चुकतो. अंदाजपंचे काम करणाऱ्याच्या हाती मी तांबडी देणार नाही.

तू सांग, भरवशाचा माणूस ओळखायचा कसा? आणि ते नाही तर निदान तुझी ती शर्यतीची पिवळी गाडी ज्याने मारली त्याचा ठावठिकाणा सांग, म्हणजे त्या दारात चुकूनही पाऊल ठेवणार नाही. मामीला नमस्कार.

तुझी,
ठमी


१२ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. मामी म्हणाली, "पेन्शनचा कागद आल्यासारखा काय चेहरा केलाय?" तिला म्हटलं, त्याहून मोठं आहे, पोरीने टर्बो घेतलाय.

आता नीट ऐक. चाळीस वर्षं चित्रकला शिकवली, त्यामुळे एक गोष्ट दहादा सांगायची सवय आहे. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरतं आणि ते चाक इंजिनात जादा हवा कोंबतं. त्या कोंबण्याला बूस्ट म्हणायचं. हवा जास्त तर ताकद जास्त. पण पोटाला सोसेल तेवढंच वाढायचं असतं. त्याच्यावर गेलं की आतलं पेट्रोल वेळेआधी भडकतं, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो, आणि तो आवाज ऐकूनही पाय काढला नाही तर पिस्टनला भोक. तेव्हा भरवशाचा मेकॅनिक म्हणजे ताकद वाढवणारा नव्हे. कुठे थांबायचं ते ठाऊक असणारा.

परीक्षा अशी घे. आधी प्रश्न तो विचारतो की तू, ते बघ. "काय काय करून द्याल?" असं न विचारता "काय करणार नाही?" असं विचार. आणि त्याची फडकी बघ. अस्वच्छ हात चालतील, पण ज्याची फडकी घडी घालून ठेवलेली असतात तो बोल्ट मोजून काढतो आणि मोजून बसवतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे तुला त्या काचेच्या दुकानात कळलंच आहे.

पिवळीचं काय विचारतेस? एकोणीस वर्षं झाली. गेलेल्या गोष्टी उकरून काय मिळायचंय? ती माणसं आता कुठे असतील कुणास ठाऊक. पुढे बघावं.

गाडीचा फोटो पाठव. चाकं दिसतील असा.

मामा


२९ मार्च

प्रिय मामा,

फोटो सोबत आहे. चाकं मुद्दाम धुतली.

मेकॅनिक सापडला, आणि मी त्याच्यावर भयंकर चिडलेय! म्हणजे तिच्यावर. बाई आहे. लाकडाच्या वखारीमागे गॅरेज, पाटी नाही, पन्नाशीला टेकलेली, बोलणं मोजून मापून. फडकी मी पहिल्यांदा बघितली. इस्त्री केल्यासारखी घडी! म्हटलं, मामाचा माणूस मिळाला. सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणतात.

तिची पद्धत ऐक. गाडीला हात लावायच्या आधी एक फॉर्म पुढे करते. वर लिहिलंय, 'गाडीची खरी हकीगत'. मालकाने स्वतःच्या हाताने भरायचा. आजवर कुठली कामं झाली, मालकाने स्वतः काय बदललं, आणि शेवटचा रकाना, काय विचारते माहितेय? 'यातलं काय सांगायला लाज वाटते?' मी हसले. ती हसली नाही.

मी भरला. मग ती लॅपटॉप जोडून शेजारी बसली आणि पाऊणतास मला साध्या रस्त्याने फिरवलं. पुलाच्या चढावर जोर दिला तर तोच आवाज, पत्र्याच्या डब्यात खडे! तिने हाताने खूण केली, मी पाय काढला. परत आलो. ती उतरली, माझा फॉर्म माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, "गाडी वेगळं सांगतेय आणि तुम्ही वेगळं. हे पुन्हा लिहून आणा. तोवर मी बॉनेट उघडत नाही."

तुझ्यापाशी काय लपवायचं. मागच्या महिन्यात दुकानातल्या मुलीच्या दिराने इंटरनेटवरून कसलासा मॅप उतरवून तांबडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरला. किती हवा, किती पेट्रोल, ठिणगी कधी, हे ठरवणारं कोष्टक. फुकट मिळालं म्हणून मीही हो म्हटलं. ते मी फॉर्ममध्ये लिहिलं नाही. पण म्हणून काय माणसाला शाळेतल्यासारखं परत पाठवायचं? गिऱ्हाईक आहे मी! चोराच्या मनात चांदणं म्हण हवं तर, पण मला फार लागलं. त्या साठ घोडेवाल्या काचवाल्याकडे दहा एप्रिलची वेळ घेतलीय. तो निदान हसून बोलतो.

तिच्या भिंतीवर भोक पडलेला एक पिस्टन खिळ्याला टांगलाय. विचारलं तर म्हणाली, "हा माझा गुरू." विक्षिप्तच आहे.

ठमी


३ एप्रिल

ठमे,

हे पत्र मिळताच काचवाल्याची वेळ रद्द कर. बाईंकडे जा. फॉर्म पुन्हा भर, खरा भर, लाजेच्या रकान्यासकट. त्या म्हणतील ते कर आणि म्हणतील तिथे थांब. यावर मला वाद नको.

त्या डावखुऱ्या आहेत का?

मामा


१५ एप्रिल

प्रिय मामा,

आधी गोड बातमी. गेले, खरं लिहिलं, दिरासकट. शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'फुकटचा मॅप घेतला, याची लाज वाटते. तुमच्याशी खोटं बोलले, याची जास्त.' बाईंनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि पहिल्यांदा म्हणाल्या, "बसा."

मग दोन दिवस जे चाललं ते बघायला तू हवा होतास! मूळ मॅप परत भरला. चारही सिलिंडरचा दाब मोजला, चारही सारखे, म्हणजे पिस्टन शाबूत. मी तिथेच टाळ्या पिटल्या. मग इंजिनाच्या हवेच्या नळीत धूर सोडला आणि आम्ही दोघी टॉर्च घेऊन वाकून बसलो. कोपऱ्यातल्या रबरी नळीतून बारीक रेघ निघाली. केसाएवढी चीर! टर्बो हवा कोंबतोय आणि ती तिथून पळतेय. गचक्याचं मूळ ते. नळी बदलली आणि तांबडी पुलावर अशी चढली की मी एकटीच ओरडत होते. मॅप बदलून घोडे वाढवायचे सोडून, असलेले घोडे आधी घरी आणले त्यांनी. पुढच्या आठवड्यात खरं ट्यूनिंग करायचं ठरलं.

आता कडू. कौतुकाच्या भरात मी बोलून गेले, "माझे मामा बघायला हवे होते, चित्रकलेचे मास्तर, टेकडीच्या शर्यतीत त्यांची पिवळी गाडी असायची." मामा, त्यांचा चेहरा उतरला. पान्याची जागा चुकली त्यांची, मी स्वतः बघितलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "गाडी आता मूळपदावर आहे. पुढचं ट्यूनिंग माझ्याने होणार नाही. त्या घरच्या गाडीला मी एकदा हात लावलाय."

मी घरी येऊन तुझं पत्र काढलं. डावखुऱ्या आहेतच त्या. तुला कसं ठाऊक? आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. याच त्या! तुझी पिवळी यांनीच मारली, म्हणूनच त्यांना तोंड लपवावंसं वाटलं. आणि तू इतका मोठ्या मनाचा, की नावही घेतलं नाहीस, उलट मला त्यांच्याकडेच पाठवलंस. मामा, मला तुझा अभिमान वाटतो. पण मला एवढं मोठं मन नाही. ज्यांनी तुझं नुकसान केलं त्यांच्या दारात मी परत जाणार नाही. काचवाल्याने सव्वीस तारखेची वेळ दिलीय. साठ नको, तीस घोडे वाढव म्हणेन.

तुझी,
ठमी


१९ एप्रिल

चि. ठमीस,

अभिमान परत घे. तो मला पेलत नाही.

पिवळी बाईंनी मारली नाही. मी मारली.

तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. आमच्या गावात नवं गॅरेज काढलेलं, लोक म्हणायचे, बाईमाणूस काय इंजिन खोलणार. मी पहिलं गिऱ्हाईक. मला त्याचा मोठेपणा वाटायचा, कबूल करतो. त्यांनी पिवळी अशी लावून दिली होती की ती माझ्या मनातलं ओळखायची. बूस्ट एका स्क्रूवर होता. त्या म्हणाल्या, "मास्तर, इथून पुढे एक केसही नाही."

शर्यतीच्या सकाळी सराव झाला. एक निळी गाडी माझ्यापेक्षा दीड सेकंद पुढे. बाई पेट्रोल आणायला गेल्या आणि मी बॉनेट उघडून तो स्क्रू दोन फेरे आत फिरवला. तिसऱ्या वळणावर खडे वाजले. मला ऐकू आले. मी पाय काढला नाही. चौथ्याला पिवळी धूर सोडत उभी राहिली.

सगळे जमले. बाईंनी खाली वाकून स्क्रू बघितला आणि मला विचारलं, "मास्तर, काही फिरवलंत का?" मी म्हणालो, "नाही." भोंग्यावरून शर्यतीचं वर्णन करणाऱ्याने कारण विचारलं तेव्हा म्हणालो, "ट्यूनिंग चुकलं." दोन शब्द. नाचता येईना अंगण वाकडं! पण माझं अंगण म्हणजे एका पोरीची अब्रू होती. वर्षाच्या आत त्यांचं गॅरेज बंद झालं. आमच्या घरात मात्र गोष्ट रुजली की मामाची गाडी मेकॅनिकने मारली. तू ती ऐकतच मोठी झालीस. घरातलं कुणी तुला ती सांगायचं तेव्हा प्रत्येक वेळी मी ऐकत बसायचो आणि एकदाही तोंड उघडलं नाही.

भिंतीवरचा पिस्टन माझा आहे. तुझ्या पत्रात तो वाचला आणि लगेच तुला काचवाल्याची वेळ रद्द करायला लिहिलं.

मामीला आज सकाळी सांगितलं. ती पोळपाट-लाटणं धूत होती. ते धुऊन पुसून झालं, मग म्हणाली, "आधी पोस्टात टाकून या. मग जेवायला बसा." म्हणून उपाशीपोटी लिहितोय.

सोबतचा कागद उघडाच आहे. वाच आणि बाईंना दे. ट्यूनिंग करा अशी गळ घालू नकोस. त्यांनी हो म्हणावं म्हणून मी हे लिहिलेलं नाही. आणि काचवाल्याकडे जाऊ नकोस. एकाच घरात दोन पिस्टन नकोत.

मामा


(सोबतचा कागद)

गाडीची खरी हकीगत

गाडी: पिवळी. आता नाही.

आजवर झालेली कामं: सगळी तुमच्या हातची. सगळी चोख.

मालकाने स्वतः काय बदललं: शर्यतीच्या सकाळी, तुम्ही पेट्रोल आणायला गेला असताना, बूस्टचा स्क्रू दोन फेरे आत.

यातलं काय सांगायला लाज वाटते: फिरवल्याची कमी. तुम्ही विचारलंत तेव्हा 'नाही' म्हणालो त्याची फार. त्यानंतर एकोणीस वर्षं रोज सांगता आलं असतं, ते सांगितलं नाही, त्याची सगळ्यात जास्त.

भाचीचा यात काही दोष नाही. ती खरं लिहायला माझ्यापेक्षा लवकर शिकली.

मास्तर


२८ एप्रिल

मास्तर यांस,

फॉर्म मिळाला. एक दुरुस्ती. दोन नव्हे, अडीच फेरे. स्क्रूच्या डोक्यावर मी पांढऱ्या रंगाचा ठिपका देते. तो वर होता, तो खाली गेला होता. मी तेव्हाच मोजलं होतं.

तेव्हा बोलले का नाही, असं तुमच्या भाचीने विचारलं. मी अठ्ठावीस वर्षांची आणि तुम्ही गावाचे मास्तर. ठिपक्यावर कोणी विश्वास ठेवला असता? पुढे इथे आले आणि पहिल्या दिवसापासून फॉर्म सुरू केला. गिऱ्हाईकं वैतागतात, पण एकही इंजिन फुटलेलं नाही.

राग गेला का? निम्मा गेला. उरलेला कागदावर जाणारा नाही.

तुमच्या भाचीने काल हा फॉर्म माझ्यासमोर मोठ्याने वाचला आणि वाचता वाचता रडली. मग नाक पुसून विचारलं, "आता तरी ट्यूनिंग?" मुलगी चिवट आहे. येत्या सोमवारी गाडी घेतेय. जेवढं इंजिन सोसेल तेवढंच वाढवेन.

अठराला या.

बाई


१९ मे

प्रिय मामी,

सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? तू नव्हतीस म्हणून सगळं लिहितेय. मामा अजून दोन दिवस इथेच राहतोय. का ते कळेलच.

मामा शनिवारी आला. तांबडीभोवती सात प्रदक्षिणा घातल्या, पण एका बोटाने हात लावला नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून! बाई आल्या. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. मामा म्हणाला, "अडीच." बाई म्हणाल्या, "हं." एवढंच. मला वाटलं, हे काही जमत नाही.

रविवारी माझी पाळी अकरावी. मामी, काय सांगू! गाडी अशी सुटली की पोट मागे राहिलं आणि मी पुढे गेले. पाच वळणं अंगठीतून दोरा जावा तशी गेली. सहाव्यावर जोर दिला आणि ऐकलं, खडे! पत्र्याच्या डब्यात खडे! समोर मोकळा चढ होता, घड्याळ चाललं होतं, आणि असा दिवस पुन्हा येणार नव्हता. मी पाय काढला. रडू आलं, पण काढला. उरलेलं अंतर सांभाळून गेले.

खाली आले तर बाई लॅपटॉप घेऊन उभ्या. पूर्ण नोंद बघितली. "इंजिनात काही नाही. साफ आहे." मग दार हलवलं. खड्खड्! दाराच्या कप्प्यात पेपरमिंटच्या गोळ्यांची पत्र्याची डबी! सकाळी माझा घसा सुकला होता म्हणून कुणी प्रेमाने ठेवली होती, ते तुला सांगायला नकोच.

तेवढ्यात भोंग्यावर ते काका, तीस वर्षं तेच बोलतात म्हणे, त्यांनी सुरू केलं: "तांबडी गाडी सहाव्या वळणावर मंदावली. ट्यूनिंगमध्ये काही कसर राहिली असावी..." बाईंनी लॅपटॉप मिटला. ते मिटणं मी बघितलं, मामी, आणि मला एकोणीस वर्षांपूर्वीची ती पोरगी दिसली.

मामा पळाला. तुझा नवरा, ज्याला जिना चढताना धाप लागते, तो माणसांतून वाट काढत पळाला आणि काकांच्या हातून माईक ओढून घेतला. अख्ख्या टेकडीला ऐकू गेलं. "ट्यूनिंग अचूक आहे! डबी माझी आहे! आणि एकोणीस वर्षांपूर्वी पिवळीचा स्क्रूही मीच फिरवला होता. बाईंनी नाही. मी. अडीच फेरे. आणि वर खोटं बोललो. ज्यांनी ज्यांनी तेव्हा माझं ऐकलं, त्यांनी आज नीट ऐका!" त्याचा आवाज शेवटी फुटला, पण माईक सोडला नाही. काका ओढत होते, हा सोडत नव्हता.

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. मामा परत आला तो मान खाली घालून. बाईंनी फडक्याने हात पुसले, जरा जास्तच वेळ पुसले. डोळेही पुसले असावेत, पण ते त्यांनी फॉर्ममध्ये लिहिल्याशिवाय मी म्हणणार नाही. मग म्हणाल्या, "मास्तर, गाडी थंड झाली असेल. बॉनेट उघडा."

मामाने विचारलं, "मी?"

"तुम्हीच. नळी कुठे फाटली होती ते दाखवते."

तेव्हापासून दोन डोकी बॉनेटखाली आहेत. काल संध्याकाळी गॅरेजवर, आज सकाळपासून पुन्हा गॅरेजवर. वादही चाललेत, पिवळीचा टर्बो बरा की तांबडीचा. बाई हसतात, मामी! मोठ्याने हसतात. मी दोनदा डबा घेऊन गेले, दोन्ही वेळा दोघंही म्हणाले, "ठेव तिकडे, आणि उजेडातून बाजूला हो."

तर तू तरी ऐक. पाय काढूनसुद्धा माझा नवख्यांत तिसरा नंबर आला. त्या दोघांना सांगायचं राहिलंय, कुणी मला विचारायला रिकामंच नाही.

तुझी,
ठमी